ताजचा बँडमास्तर

जॅझ म्हटलं की आपल्याला न्यू ऑर्लिन्स आठवतं, गेटवेसमोरचं ताज नाही. पण 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर आपला ताफा घेऊन तिथे आला, आणि मुंबईला जॅझची चटक लागली.

त्याच पिढीतले मिकी कोरिया. घराणं गोव्याचं, जन्म मोम्बासाचा, 1913 चा. वाद्यं सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट. 1939 साली ताजचा बँड त्यांच्या हाती आला आणि जवळजवळ 1960 पर्यंत राहिला. मध्ये महायुद्ध झालं, स्वातंत्र्य आलं, 1949 चा दारूबंदी कायदा आला, बँड चालूच! एकाच प्रोजेक्टवर वीस वर्षं, आपल्यापैकी कोण टिकेल?

गंमत अशी की ही सगळी नाचाची मंडळी. समोरचे लोक ऐकायला नाही, नाचायला यायचे. रात्र संपली की वाजवलेलं हवेत विरलं. नंतर कोरियांनी शिकवायला घेतलं. त्यांची मुलगी क्रिस्टीन पुढे न्यू यॉर्कला जाऊन जॅझ गायिका झाली. 2011 मध्ये, नव्वदी ओलांडून, ते गेले.

वाजवलेलं विरतं, शिकवलेलं मात्र दुसऱ्याच्या गळ्यात, बोटांत उरतं. मला तरी त्यांची खरी कमाई हीच वाटते. असो.