शिकविण्याचा अधिकार कोणाचा? : पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ती मंडळीतील स्त्रीचे स्थान

आमच्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत ख्रिस्ती स्त्रियांच्या इतिहासावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. घरात स्त्रीच्या शब्दास किती मान असावा, आणि चार माणसांच्या सभेत उभे राहून तिने बोलावे की नाही, हा प्रश्न कोणा एका धर्माचा किंवा एका ज्ञातीचा नव्हे. जेथे जेथे समाज संघटित झाला तेथे तेथे तो उपस्थित झालेला आहे. ख्रिस्ती समाजात तो पत्रांतून, ठरावांतून आणि मतदानातून लढविला गेला, म्हणून त्याचा माग काढणे सोपे जाते. शिवाय या वादातील एक तेजस्वी प्रकरण एका महाराष्ट्रीय विदुषीच्या आयुष्यात घडले आहे. त्या विदुषीने केलेल्या धर्मांतराविषयी आमच्या वाडवडिलांची मते काय होती, हे सर्वश्रुत आहे. तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जाडे संस्कृत पंडित. लोकनिंदेची पर्वा न करता त्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने तीच विद्या कन्येच्या पदरात घातली. तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडले. दुष्काळात आईवडिलांचे छत्र हरपल्यावर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण दोनच वर्षांत वैधव्य आले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. तशाही स्थितीत १८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. तात्पर्य, पुरुषांनी भरलेल्या सभेत बोलणे ही त्यांच्या आयुष्यात नवलाची गोष्ट नव्हती.

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनीसंघाकडे त्या उतरल्या, त्याची शाखा पुण्यात होती आणि तेथूनच त्यांचा परिचय झाला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रवणदोषामुळे डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. तेव्हा चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या शिकू लागल्या आणि तेथेच संस्कृतही शिकवू लागल्या.

येथे ठिणगी पडली. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे, अशी एक सूचना पुढे आली. ती कळताच भारतातील दोन बिशपांनी, एक लाहोरचे आणि दुसरे मुंबईचे, तीव्र आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, स्त्रीने पुरुषांस शिकविणे हिंदुस्थानातील लोकांस रुचणार नाही, रमाबाईंची आपल्या देशभगिनींतील प्रतिष्ठा नष्ट होईल आणि त्यांचे भावी कार्य बिघडेल. आमच्या लोकांना काय रुचेल, याचा निर्णय अशा रीतीने आमच्या लोकांना न विचारताच झाला!

रमाबाईंनी दिलेले उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात सुरक्षित आहे. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांच्या उत्तराचा आशय असा : माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकविण्यास माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, माझ्या पतींनीही घेतली नाही, मग ती काही इंग्रज लोकांनी घ्यावी याचे मला आश्चर्य वाटते. दुसऱ्या एका पत्रात त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. मोठ्या कष्टाने मी भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरविले आहे, आता तसलेच दुसरे जोखड मी आपण होऊन मानेवर घेणार नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. ज्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी हा वाद चालला होता, त्यांना रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. मतभेद तीव्र होता, तरी नाते तुटले नाही. वाद कसा करावा हेही या पत्रांतून शिकण्यासारखे आहे.

बिशपांच्या मनामागे केवळ हिंदी लोकमताची भीती नव्हती, ख्रिस्ती धर्मग्रंथाचा एक अर्थही होता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने पुरुषास शिकवू नये, अशा आशयाचे वचन आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीच्या सभेत मौन धरावे असे म्हटले आहे, आणि इफिसकरांस पत्रात पतीस पत्नीचे मस्तक म्हटले आहे. शतकानुशतके या वचनांच्या आधारे धर्मपीठाची पायरी स्त्रीला बंद राहिली. परंतु त्याच ग्रंथात दुसरी बाजूही आहे. रोमकरांस पत्रात किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिचा गौरव आहे. प्रिस्किल्ला व तिचा पती अक्विला या दोघांनी मिळून अपुल्लोस या विद्वान वक्त्यास धर्ममार्ग अधिक नीट समजावून दिला. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांपर्यंत प्रथम नेली ती मग्दालीया मरीयेने. गलतीकरांस पत्रात तर ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही, असे सांगितले आहे. इफिसकरांस पत्रातही पतीच्या मस्तकपणाआधी परस्परांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे, आणि पतीने पत्नीसाठी स्वतःस वाहून घ्यावे अशी अपेक्षा आहे. एक पक्ष म्हणतो, स्त्री-पुरुषांची योग्यता समान, पण कार्ये निराळी. दुसरा म्हणतो, ज्याला जी देणगी मिळाली त्याने ती वापरावी, तेथे लिंगभेद नको. दोन्ही पक्षांत श्रद्धाळू व विद्वान माणसे आहेत, हे ध्यानी ठेवले पाहिजे.

वाद ग्रंथांत चालला होता, पण काम थांबले नव्हते. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे १८६२ साली मृत्यू येईपर्यंत अहमदनगर येथे मुलींच्या शिक्षणात गढून गेल्या. नगरच्या या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना पुण्यात तशी शाळा काढण्याची स्फूर्ती झाली. मार्गारेट विल्सन यांनी १८२९ पासून मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या. पुढे ‘बायबल वूमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रिया घरोघर जाऊन बायकांना अक्षरओळख देत आणि शुभवर्तमान वाचून दाखवीत. ज्या माजघरात पाद्रीसाहेबांस प्रवेश नव्हता तेथे त्यांना होता. काम उपदेशकाचे, पण दीक्षा नाही, आणि मंडळीच्या निर्णयात मत नाही, अशी त्यांची स्थिती होती.

रमाबाईंनी पदाची वाट पाहिली नाही. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. १८९३ साली काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून गदारोळ झाला, आणि रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. विश्वास गमावल्याचे दुःख दोन्ही बाजूंस झाले असले पाहिजे. नंतर १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या, आणि केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे सारे उद्योग मुलीच चालवीत. प्रार्थना चालविणे, उपदेश करणे, आजाऱ्यांची सेवा करणे, हिशेब राखणे, हे सर्व स्त्रियांच्याच हाती होते. धर्माधिकाऱ्याची दीक्षा रमाबाईंस कोणी दिली नव्हती. तरी एका मोठ्या मंडळीचे आध्यात्मिक पालकत्व त्यांनी प्रत्यक्षात सांभाळले.

त्याहूनही मोठे काम म्हणजे बायबलाचे मराठी भाषांतर. साध्या, खेडुतांस कळेल अशा मराठीत ते व्हावे म्हणून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविणे व छपाई करणे ही कामे मुक्तीतील स्त्रियांनी केली. १९२१ साली कन्या मनोरमा वारली. तो आघात सोसूनही काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांस शिकवू नये असे जिला सांगितले गेले, तिच्या शब्दांतील धर्मग्रंथ आता स्त्रीपुरुष कोणीही वाचू शकत होते.

आता घराकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीस बरोबर न घेता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतीच्या मागोमाग धर्म बदलणे हेच पत्नीचे कर्तव्य, असे मानून त्या गेल्या नाहीत. काही वर्षे त्या दूर राहिल्या. मग जवळ आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी वेगळे सांभाळले. जातिभेदाचा विचार स्वतःच्या मनाशी करून तो पटेनासा झाला, तेव्हा १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीही बळजोरी केली नाही. ‘मस्तक’ या शब्दाचा अर्थ हुकूम चालविणे असा नाही, हे या घराने कोणत्याही प्रवचनाविना दाखवून दिले. १९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतांश अध्याय रचले. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीच्या प्रत्येक वाचकाच्या घरची झाली आहेत.

मंडळ्यांचे ठराव फार उशिरा आले. दुसऱ्या महायुद्धात मकावमधील आपल्या लोकांस प्रभुभोजन देण्यास पुरोहित मिळेना, म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी २५ जानेवारी १९४४ रोजी फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. युद्ध संपताच विरोध उसळला, आणि त्यांना पुरोहिताचे काम थांबवावे लागले. संकटात चालते ते शांततेत चालत नाही, असाच हा न्याय! आमच्या देशात दक्षिण भारत मंडळीने १९७६ साली एलिझाबेथ पॉल यांना दीक्षा दिली, आणि २०१३ साली पुष्पा ललिता या नंद्यालच्या बिशप झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीनेही पुढे स्त्रियांस दीक्षा दिली. इंग्लंडच्या ज्या मंडळीत रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, तिच्या महासभेत ११ नोव्हेंबर १९९२ रोजी ठराव संमत झाला, तो सामान्य सदस्यांच्या सभागृहात अवघ्या दोन मतांनी तरला. १९९४ साली तेथे पहिल्या स्त्रियांना पुरोहितपद मिळाले व २०१५ साली पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर सारा मलाली या एके काळच्या परिचारिकेची कँटरबरीच्या आर्चबिशप पदासाठी निवड जाहीर झाली. चेल्टनहॅमच्या वादास तेव्हा १४० वर्षे उलटून गेली होती.

वसई व गोवा येथील आमचे बहुसंख्य ख्रिस्ती शेजारी रोमन कॅथलिक आहेत. त्यांच्या मंडळीची भूमिका निराळी आहे. येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले, म्हणून स्त्रियांस पुरोहितदीक्षा देण्याचा आपणांस अधिकारच नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली जाहीर केले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वेदीवरील वाचक व सेवक ही पदे स्त्रियांस रीतसर खुली केली. तथापि शाळा, इस्पितळे व अनाथालये यांचा भार तेथेही पिढ्यान्‌पिढ्या संन्यासिनींनीच वाहिला आहे.

या इतिहासातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. अधिकार देण्याची चर्चा सभागृहात चालू असते, तेव्हा ते काम कोणीतरी आधीच करीत असते. स्त्रियांनी काम प्रथम केले व मान्यता मागाहून आली. कित्येकींच्या वाट्यास ती आलीच नाही. आमच्या ज्ञातीच्या मेळाव्यांत पंगतींची व्यवस्था, वधूवरांच्या याद्या, विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी घरोघर फिरणे, ही कामे कोण करते हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक आहे. कार्यकारिणीची नामावली मात्र ज्याने त्याने स्वतः वाचून पाहावी. अनंतशास्त्र्यांनी पत्नीस विद्या दिली तेव्हा कोणत्याही सभेचा ठराव त्यांच्या हाती नव्हता. आरंभ घरातच झाला होता. आमच्या घरांतूनही तो व्हावा, इतकीच आमची ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.