ट्रॅक्टरची यारी

विसर्जनाला मोठी मूर्ती क्रेनने, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत यारीने, उचलताना आपण पाहतो. गावाकडे हेच काम घरी बनवलेली यारी करते. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी भुजा करून ट्रॅक्टरमागे जोडली की झाले! पण या जोडणीलाही इतिहास आहे.

पूर्वी ट्रॅक्टर नांगर नुसता मागे ओढी. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे आणि प्रसंगी तो चालकावर उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी १९२६ साली पेटंट घेतले आणि १९३६ मध्ये त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. त्यात खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर जोडलेला असे. नांगर अडला की वरची दांडी पुढे रेटे आणि पुढची चाके जमिनीवर दबून राहत. हायड्रॉलिकने नांगर उचलताही येई. आज आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना हीच जोडणी असते.

यारी लावली की मात्र तीच वरची दांडी ट्रॅक्टरला मागे खेचते. मागच्या चाकांपासून दोन मीटरवर लोंबणारे शंभर किलो एक मीटरवरच्या दोनशे किलोंइतके जड पडतात. म्हणून भुजा आखूड हवी, पुढे वजन बांधावे, ओझे जमिनीलगत ठेवावे आणि त्याखाली कोणीही उभे राहू नये. जी जोडणी माणसे वाचवण्यासाठी झाली, तिनेच कोणाचा जीव जाऊ नये, एवढीच गणरायाचरणी प्रार्थना.