बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी

आमच्या सीमाभागात मुलाला लांब वाक्याचा अर्थ लागला नाही, की ठपका लगेच दोन भाषांवर येतो. घरी मराठी, दारी कन्नड, पोर गोंधळणारच! असे म्हणणाऱ्यांनी एका बाहुलीची हकीकत ऐकावी.

जर्मनीत क्लारा आणि विल्यम श्टर्न या दांपत्याने आपल्या मुलांच्या बोलण्याच्या रोजनिशा ठेवल्या आणि त्यांच्या आधारे १९०७ मध्ये बालभाषेवर ग्रंथ लिहिला. पुढेही हा अभ्यास बराच काळ याच वाटेने चालला : मूल काय बोलते ते टिपायचे. पण त्याला काय कळले, हे रोजनिशीत कसे उमटावे? पाच वर्षांचे मूल घडाघडा बोलते, म्हणजे त्याला आपल्या भाषेचे व्याकरण आले, असे विद्वानही धरून चालत.

ही समजूत अमेरिकेत कॅरोल चॉम्स्की यांनी तपासली. (नोम चॉम्स्कींच्या पत्नी, ही त्यांची ओळख इथे बाजूला ठेवलेली बरी.) पाच ते दहा वर्षांची, इंग्रजी बोलणारी ४० मुले त्यांनी घेतली. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली समोर ठेवून एकेकाला विचारले, 'ही बाहुली पाहायला सोपी की अवघड?' लहानगी म्हणत, अवघड. मग सोपी करून दाखव म्हटले, की ती बाहुलीची पट्टी सोडत! वाक्यात नाव बाहुलीचे, तेव्हा पाहणारीही तीच, असा त्यांचा सरळ हिशेब. खरा पाहणारा वाक्यात उच्चारलेलाच नव्हता.

दुसरी परीक्षा याहून मौजेची. आपल्या भाषेत मांडायचे तर, 'गोपूने राजूला कोलांटी मारायला सांगितले' आणि 'गोपूने राजूला कोलांटी मारायचे वचन दिले'. पहिल्यात कोलांटी राजूची, दुसऱ्यात गोपूची. हातात बाहुल्या दिल्या, तर कितीतरी मुले दोन्ही वेळा राजूलाच कोलांटी मारायला लावीत. वचन म्हणजे काय हे ठाऊक असूनही!

हे सारे १९६९ मध्ये पुस्तकरूपाने आले. बाहुलीच्या प्रश्नात नऊ वर्षांपुढची सगळी मुले अचूक ठरली. मधल्या वयात मात्र कोणाला केव्हा उमगेल याचा नेम नव्हता. या मुलांच्या घरी काही मराठी-कन्नड नांदत नव्हते.

१९७१ मध्ये ईव्ह क्लार्क यांनी आणखी लहान मुलांना 'आधी', 'नंतर' असलेली वाक्ये खेळण्यांनी करून दाखवायला सांगितली. पुष्कळांनी जे कानावर पहिले पडले ते पहिले केले. 'हात धुऊन जेव' म्हणा, की 'कै तोळदु ऊट माडु' म्हणा, हात पहिलाच येतो. 'जेवण्याआधी हात धू' म्हटल्यावर नातू ताटावर बसला, तर त्याने वाक्य ऐकले होते, तेही क्रमवार.