आस, मागील (बदली) : ओळख
जुन्या एसयूव्हीचा कारखान्यातून आलेला मागचा आस काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचा, बहुधा भंगारातून उतरवलेला, आस बसवलेला असतो. तो कोणत्या घराण्याचा आहे, त्याचे गुणोत्तर किती आणि तो मूळ कोणत्या गाडीचा, हे ठरवण्याच्या रीतीला ‘आसाची ओळख’ म्हणतात. महाराष्ट्रातील गॅरेजांत या संपूर्ण भागाला ‘हाउसिंग’ आणि आतल्या मुख्य जोडीला ‘क्राउन-पिनियन’ म्हणण्याचा प्रघात आहे. या नोंदीत अमेरिकेतील जीप चेरोकी (एक्सजे) ही गाडी आधाराला घेतली आहे. १९८४ ते २००१ या काळात तिला मागे निदान तीन वेगवेगळ्या घराण्यांचे आस आले. शिवाय तिचे मालक चौथे घराणे, फोर्ड एक्स्प्लोररचा आस, आवर्जून बसवत आले आहेत. त्यामुळे ओळखीचा प्रश्न या गाडीइतका क्वचितच कोठे येतो.

पार्श्वभूमी : एक्सजे अमेरिकन मोटर्सने बाजारात आणली. १९८७ मध्ये ती कंपनी क्रायस्लरने विकत घेतली आणि त्यानंतर सुट्या भागांच्या निवडीवर क्रायस्लरची छाप पडत गेली. सर्वाधिक गाड्यांत डाना ३५ हा आस आढळतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीच्या, अवजड ट्रेलर ओढण्याचा साज घेतलेल्या काही गाड्यांत डाना ४४ आहे. १९९० च्या दशकात क्रायस्लर ८.२५ आला. तो आरंभी २७ स्प्लाइनचा होता आणि १९९७ पासून २९ स्प्लाइनचा झाला. अँटिलॉक ब्रेक असलेल्या गाडीला डाना ३५ च असतो, असे सर्रास सांगितले जाते. ते सर्व वर्षांना लागू आहे असे धरून चालू नये.

कागदपत्रांचा उपयोग : गाडीचा नोंदणी क्रमांक, दारावरील पट्टी आणि विक्रीचे कागद मूळ आसाविषयी सांगतात, गाडीखाली आज काय आहे याविषयी नव्हे. बदली आसाच्या बाबतीत साक्ष लोखंडाची घ्यावी.

नावांचा अर्थ : डानाचे आकडे (३५, ४४) ही मापे नव्हेत, ते नमुन्यांचे क्रमांक आहेत. क्रायस्लर आणि फोर्डचे आकडे मात्र क्राउनचा इंचांतील व्यास दाखवतात. क्राउनचा व्यास डाना ३५ मध्ये सुमारे १९२ मिमी., क्रायस्लर ८.२५ मध्ये सुमारे २१० मिमी., डाना ४४ मध्ये सुमारे २१६ मिमी. आणि फोर्ड ८.८ मध्ये सुमारे २२४ मिमी. असतो. हा भेद ध्यानात न घेतल्याने ‘४४ म्हणजे ३५ पेक्षा नऊ अंशांनी मोठा’ असला हिशेब केला जातो, तो निरर्थक आहे.

बाह्य खुणा : हे चारही आस एकाच प्रकारच्या बांधणीचे आहेत. मध्ये ओतीव लोखंडाचा गड्डा, त्यात दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेल्या पोलादी नळ्या आणि मागे बोल्टांनी आवळलेले पत्र्याचे झाकण. झाकणाचे दहा बोल्ट मोजून काहीही सिद्ध होत नाही, कारण चौघांनाही दहाच असतात. पाहायचा तो झाकणाचा आकार. डाना ३५ चे झाकण लंबगोल असते. डाना ४४ चे झाकण कोपरे मारलेल्या षट्कोनासारखे दिसते. क्रायस्लर ८.२५ चे वरून गोलसर आणि खालच्या कडेला सपाट असते. तेल भरण्याच्या बुचाची जागा याहून खात्रीची आहे. डाना ३५ आणि क्रायस्लर ८.२५ यांत झाकणावरच रबरी बूच दाबून बसवलेले असते. फोर्ड ८.८ च्या झाकणाला भोक नसते. आट्यांचे बूच पुढे, पिनियनच्या बाजूला, गड्ड्यातच असते.

झाकण बाजारात मिळणाऱ्या जाड झाकणाने बदललेले असेल, तर नळीचे माप घ्यावे. नळी खरवडून, पाट्यांच्या बैठकीच्या आतल्या बाजूला दोरा गुंडाळावा आणि तो पट्टीवर धरावा. दोरा सुमारे २०७ मिमी. भरला तर नळी २.६ इंची, म्हणजे डाना ३५. सुमारे २१९ मिमी. म्हणजे डाना ४४ ची २.७५ इंची नळी, सुमारे २३९ मिमी. म्हणजे क्रायस्लरची ३ इंची आणि सुमारे २५९ मिमी. म्हणजे फोर्डची ३.२५ इंची. रंगाच्या आणि गंजाच्या थरामुळे दोन-चार मिमी. वाढतात. ३५ आणि ४४ यांच्यात मुळात बाराच मिमी.चे अंतर असल्याने तेथे नळी चकाकेपर्यंत घासणे भाग आहे.

ओतीव अंक व ठसे : सर्वांत भरवशाचा पुरावा हाच. डानाच्या गड्ड्यावर नळ्यांजवळच्या आधारपट्ट्यांत ‘३५’ किंवा ‘४४’ हा अंक उठावात ओतलेला असतो. तो ग्रीस आणि चिखलाखाली दडलेला असतो. तारेच्या ब्रशाने जागा साफ करून वरून पांढरा खडू आडवा फिरवला की उठाव दिसू लागतो. अंक उलटाही दिसू शकतो, म्हणून हाताने चाचपून पाहावे. डाना आसाच्या नळीवर मागच्या बाजूने सहा आकडी सामग्री-क्रमांक आणि त्यापुढे लहान पुरवणी आकडा ठोकलेला असतो. हा क्रमांक मिळाला की आस कोणत्या गाडीसाठी, कोणत्या गुणोत्तरात जोडला गेला हे कंपनीच्या यादीवरून निघते. नुसत्या ‘४४’ या अंकावर थांबू नये. ४४ हे घराणे फार मोठे आहे, आणि त्यातले स्प्लाइन, रुंदी व ब्रेक गाडीगणिक बदलतात.

फोर्डच्या आसावर झाकणाच्या एका बोल्टाखाली पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर ‘३ ७३’ असे असेल तर गुणोत्तर ३.७३ आणि डिफरन्शियल साधे. दोन आकड्यांच्या मध्ये इंग्रजी ‘एल’ असेल तर गुणोत्तर तेच, पण डिफरन्शियल मर्यादित-घसरण जातीचे. शेजारचे ‘८ ८’ हे क्राउनचे माप. झाकण उघडणारे अनेकजण ही पट्टी परत लावत नाहीत, हे मोठे नुकसान आहे. पट्टी गेली की त्या आसाचा जन्मदाखलाच गेला.

गुणोत्तर काढणे : गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक सोडून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून मागची दोन्ही चाके भक्कम स्टँडवर उचलावीत. एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल साधे आहे. त्याच दिशेने फिरले तर मर्यादित-घसरण किंवा कुलूपबंद. (झिजलेल्या क्लचचे मर्यादित-घसरण डिफरन्शियल साध्यासारखे वागते, म्हणून पट्टीवरच्या ‘एल’चे मोल.) साधे असल्यास एक चाक खाली टेकवावे, प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ ओढावी आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. शाफ्टचे जेवढे फेरे होतील तेवढे गुणोत्तर. मर्यादित-घसरण डिफरन्शियलला दोन्ही चाके वर ठेवून एकच फेरा पुरतो.

दोन फेऱ्यांत ३.५५ आणि ३.७३ यांतला फरक डोळ्याला नीट कळत नाही. यासाठी चाक वीस फेरे फिरवावे. शाफ्टचे साडेपस्तीस फेरे झाले तर ३.५५, सव्वासदतीसच्या पुढे गेले तर ३.७३. एवढी चिकाटी धरणाऱ्याला झाकण उघडावे लागत नाही. उघडलेच, तर क्राउनच्या कडेला दातांची संख्या ठोकलेली असते : ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ३९ आणि ११ म्हणजे ३.५५. डानाची ४६ आणि १३ ची जोडी ३.५४ देते. ती फेरे मोजून ३.५५ पासून वेगळी काढता येत नाही, दात मोजूनच येते.

पुढच्या आसाशी मेळ : ओळखीचे खरे प्रयोजन हे आहे. एक्सजेच्या पुढच्या डाना ३० आसाचे गुणोत्तर मागच्याइतकेच असावे लागते. ४ लिटर इंजिन आणि स्वयंचलित गिअर असलेल्या गाड्यांत ते बहुधा ३.५५, तर हाताने गिअर टाकायच्या गाड्यांत बहुधा ३.०७ असते. मागे ३.७३ चा आस आला आणि पुढे ३.५५ राहिला, तर दोन्ही शाफ्टांच्या फिरण्यात सुमारे पाच टक्के तफावत पडते. दोन चाकांवर चालवताना काहीच जाणवत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारचाकी जोर लावला की मात्र ताण साठत जातो, टायर घासतात, आणि शेवटी ट्रान्सफर केस किंवा क्रॉस तुटतो. विकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असे नाही. सहज सापडणारी खूण म्हणजे वेगमापक. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवरून वेग घेतो, म्हणून ३.५५ च्या जागी ३.७३ आल्यास, टायर मूळ मापाचे असतील तर, काटा सुमारे पाच टक्के जास्त दाखवतो.

बदलाच्या खुणा : एक्सजेचे पाटे आसाच्या वर बसतात. फोर्ड एक्स्प्लोरर आणि जीप कोमांची यांत ते आसाच्या खाली असतात. त्यामुळे या दोन गाड्यांचा आस एक्सजेला लावायचा तर नळीवरच्या बैठका कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. नळीच्या खालच्या अंगाला ग्राइंडरचे वण आणि वर हाताने ओढलेला वेल्ड दिसला की आस बाहेरचा आहे हे नक्की. १९९५ ते २००१ च्या एक्स्प्लोररचा आस ३१ स्प्लाइनचा आणि डिस्क ब्रेकचा आहे. चाकाच्या पाच बोल्टांचे वर्तुळ दोन्हीकडे ११४.३ मिमी. असल्याने जीपच्या रिंगा त्यावर तशाच बसतात आणि बाहेरून शंका येत नाही. त्याच्या दोन नळ्या मात्र सारख्या लांबीच्या नसतात.

शाफ्टची अडकवणी : क्रायस्लर ८.२५, फोर्ड ८.८ आणि नंतरचे डाना ३५ यांत चाकाचा शाफ्ट आतून सी-क्लिपने धरलेला असतो. एक्सजेच्या डाना ४४ मध्ये बाहेर, ब्रेकच्या पाटीमागे, पट्टी आणि नटांनी.

बळकटी : डाना ३५ कमकुवत, असा सार्वत्रिक समज आहे. मूळ मापाच्या टायरांवर तो दीर्घकाळ टिकल्याचेही अनुभव आहेत. २९ स्प्लाइनचा क्रायस्लर आणि डाना ४४ यांत सरस कोण, याबाबत एकमत नाही.

तेल : मर्यादित-घसरण डिफरन्शियलच्या तेलात घर्षण-नियामक मिसळावा लागतो.

भारतातील संबंध : एक्सजेच्या डाना ४४ चे पूर्वज महाराष्ट्राच्या रस्त्यांवर एक्सजे येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. मुंबईत महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी नमुन्याची जीप दीर्घकाळ बनवली. या नमुन्याच्या विलीज जीपला मागे डाना ४४ आणि ५.३८ चे गुणोत्तर, म्हणजे ४३ आणि ८ दातांची जोडी असे. तिच्या शाफ्टचे टोक निमुळते असून हब वेगळा, चावीवर बसवलेला असतो; मध्यभागी मोठा नट दिसला की शाफ्ट या जुन्या धाटणीचा समजावा. असा हब काढायला पुलर लागतो, हातोड्याने ठोकल्यास आट्या बसतात.