नाणे घासू नका, पुरावा पुसला जाईल

धम्मवर्ग संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने खिशातून नाणे काढून आमच्या हातावर ठेवले. चिंच-मीठ लावून लख्ख घासलेले. "दादा, सातवाहनांचं आहे ना? म्हणजे आपलंच ना?" आम्ही ते उलटसुलट करून पाहिले. एका बाजूला अंधूक उंचवटा होता, बाकी सपाट. अक्षरे असतील तर ती चिंचेने खाल्ली होती. कुठे सापडले, असे विचारले. "नदीकाठी कुठंतरी. मित्राकडं मेटल डिटेक्टर आहे." म्हणजे ठिकाणही गेले.

दोष त्या एकट्या पोराचा नाही. डिटेक्टर घेऊन माळरान पालथे घालायचे, सापडलेली वस्तू कॅमेऱ्यासमोर घासून चमकवायची, असे व्हिडिओ आज गावोगावी पाहिले जातात. पण ज्यांचा इतिहास पोथ्यांनी एक तर लिहिला नाही किंवा उलटा लिहिला, त्या आपल्यासाठी माती हीच बखर आहे. तिची पाने आपणच फाडत असू तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

पुरावा जपला तर काय हाती लागते, हे नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीने दाखवले आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठीतला मजकूर. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींची टेकडी आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, मागे उज्जैन चिन्ह. जिंकलेल्या राजाने हरलेल्याची नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावर आपला शिक्का मारला. खालचा चेहरा वरच्या ठशातून आजही डोकावतो.

हे नाणे एकटे बोलत नाही. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे तो सांगतो. राजमातेने केलेली मुलाची स्तुती म्हणून कोणी तो बाजूला सारू शकला असता. जोगलटेंभीच्या नाण्यांनी ती पळवाट बंद केली. दगड आणि चांदी एकमेकांचे साक्षीदार झाले. ही नाणी कोणी घरी नेऊन राखेने घासली असती, तर पहिला बळी त्या पुसट खालच्या ठशाचा गेला असता आणि साक्ष तिथेच संपली असती.

त्याच लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्खू संघासाठी ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० वर महिना १ टक्का व्याज, १,००० वर पाऊण टक्का. त्या व्याजातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. म्हणजे संघाची ठेव विणकरांच्या संघटनेकडे निर्धास्त ठेवता येत होती. कष्टकऱ्यांची पत केवढी होती, हे कुठल्या पुराणाने आपल्याला सांगितले? दगडाने सांगितले.

आणि या लेण्यांचे नाव काय प्रचलित झाले? पांडवलेणी! शिलालेखांत या डोंगराचे नाव त्रिरश्मी आहे. हासुद्धा दुसरा ठसाच आहे, फक्त चांदीवर नाही, लोकांच्या तोंडी मारलेला. सोपाऱ्यातही तेच. गाव ज्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत होता, तो ढिगारा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला आणि आत बौद्ध स्तूप निघाला. दगडी पेटीत एकात एक करंडक, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे, आठ बुद्धमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे. नाणे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, मूर्ती मात्र अभ्यासकांच्या मते कित्येक शतके नंतरच्या. याचा अर्थ स्तूप मधल्या काळात पुन्हा उघडला गेला आणि पूजला गेला. हे कळले, कारण कशाशेजारी काय होते याची नोंद झाली. तेच नाणे डिटेक्टरवाल्याच्या खिशातून आले असते तर फक्त नाणे राहिले असते.

आता आपल्याला न आवडणारी गोष्ट. "सातवाहनांचं म्हणजे आपलंच" हा हिशोब इतका सरळ नाही. बलश्रीच्या ज्या लेखाने लेणे भिक्खूंना दिले, तोच लेख गौतमीपुत्राने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असे कौतुकाने सांगतो. उषवदाताने संघाला दान दिले, तसे ब्राह्मणांना लाखो गायीही दिल्या. नाण्यावरची तीन कमानींची खूण पूर्वी चैत्य म्हणून वाचली जाई, आज अनेक अभ्यासक तिला टेकडी मानतात. तेवढ्या खुणेवरून राजाला बौद्ध ठरवणे म्हणजे आपणही दुसरा ठसा मारणे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत गटेचा दाखला देऊन बजावले आहे की, खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. हा नियम आपल्याला सोडून बाकीच्यांना नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. जुनी वस्तू हाती आली तर धुवू नका. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख, तारेची घासणी, काहीच नको. सातवाहनांची बरीच नाणी शिशाची आहेत. शिसे मऊ असते, व्हिनेगर ते खाते आणि त्याची भुकटी अंगाला घातक. तांब्यावरचा घट्ट हिरवा थर नाण्याचे रक्षण करतो, अनेकदा अक्षरे त्याच थरात टिकलेली असतात. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो धातूचा रोग. त्यावर इलाज संग्रहालयाचा रसायनतज्ज्ञ करील, आपण नाही. वस्तू कोरड्या कागदात ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून तिरप्या उजेडात काढा. वजन, व्यास, गाव, शेत, खोली, तारीख आणि शेजारी काय होते, हे त्याच दिवशी लिहा. ओळख पटवताना क्रम असा ठेवा: धातू, वजन, चिन्ह, लिपी आणि सगळ्यात शेवटी राजाचे नाव.

डिटेक्टर घेऊन लेणी, स्तूप, पांढरीच्या टेकाडांवर जाऊच नका. संरक्षित जागी परवानगीशिवाय उत्खननाला १९५८ चा कायदा मनाई करतो. जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, हा कायदा १८७८ पासून आहे. पुरावस्तूंचा धंदा आणि त्या देशाबाहेर नेणे यांवर १९७२ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. कागद दिला की पोच घ्या, पाठपुरावा करा. सरकारी कपाटात वस्तू पडून राहिली तर माहितीचा अधिकार आहेच. भांडायचे तर तिथे भांडू.

त्या तरुणाला आम्ही रागावलो नाही. पुढच्या रविवारी त्याला त्रिरश्मीवर नेले, बलश्रीच्या लेखासमोर उभे केले. परतताना तो म्हणाला, "दादा, ब्राह्मी शिकायचीय." डिटेक्टर विकत मिळतो, वाचता मात्र स्वतःलाच यावे लागते. ज्याला वाचता येते त्याला वस्तू घासून चमकवावी लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!