गाव कोणाच्या नावावर?

सौंसर तालुक्यातील जामसांवली हे गाव आपल्यापैकी अनेकांना मारुतीमुळे ठाऊक असेल. पिंपळाच्या छायेतील त्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला नागपूरकडून आणि वऱ्हाडातूनही लोक जातात. दर्शन आटोपले की यात्रेकरू परततो. गावाकडे निरखून पाहण्यास त्याला सवड नसते. आज आपण क्षणभर गावाकडे पाहू. या भागात कपाशीची व ज्वारीची शेते आहेत, संत्र्याच्या बागा आहेत. घरातील बोलणे मराठी आहे, परंतु शेताचा खसरा मात्र हिंदीत आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले; सौंसर आणि पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला.

अशा कोणत्याही गावासंबंधी एक साधा प्रश्न विचारता येतो: हे गाव कोणाचे? शेते कोणाची, घराखालची जागा कोणाची, गुरे चरतात ते रान कोणाचे, तळे कोणाचे? प्रश्न साधा असला तरी गेल्या दोनअडीचशे वर्षांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत, आणि प्रत्येक उत्तराबरोबर काही माणसांचे नशीब पालटले आहे.

प्रारंभ गोंड राजांपासून करू. देवगडच्या गादीवरील बख्त बुलंद राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसविले आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या सपाटीवर शेतकरी व कारागीर आणून नव्या वस्त्यांना उत्तेजन दिले. शतकाच्या मध्यास हा मुलूख रघूजी भोसल्यांच्या हाती आला. त्या काळी जमीन विपुल होती. उणीव होती ती कसणाऱ्या हातांची. त्यामुळे राजाला जमिनीच्या मालकीपेक्षा तिच्या उत्पन्नातील वाट्याची चिंता अधिक. पाटलाने गाव वसवावे, पडीत मोडावे, सारा गोळा करून भरावा आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यावा, अशी ही रीत होती. पश्चिम महाराष्ट्रातील वतनदार पाटलाचा हक्क जितका पक्का होता, तितका नागपूरकडील पाटलाचा नव्हता. तो गावाचा कारभारी होता. गावाचा धनी नव्हता.

गावाचा खरा व्यवहार ठरत असे तो खळ्यावर. धान्याची रास पडली की त्यातून सुताराचा, लोहाराचा, न्हाव्याचा, वरठ्याचा, महाराचा वाटा निघे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात दख्खनमधील या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. तिचे मर्म असे की, जमीन एकाने कसली तरी तिच्या पिकावर अनेकांचा हक्क असे. अर्थात या चित्राला उगाच सोनेरी वर्ख लावण्याचे कारण नाही. वाटे सारखे नव्हते. महाराचा हक्क मानला जाई, परंतु त्याचे घर वेशीबाहेर असे, आणि हक्काचे धान्यही त्याला याचना केल्यासारखे उचलावे लागे. तथापि तो हक्क आहे हे कोणी नाकारीत नसे.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून वारले आणि पुढील वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. नव्या सरकारला सारा भरण्यास जबाबदार असा एक निश्चित माणूस हवा होता. रिचर्ड टेम्पल हे मुख्य आयुक्त असताना झालेल्या जमाबंदीत हा माणूस ठरविण्यात आला. जो पाटील अथवा इजारदार सारा भरीत होता, त्यालाच गावाची मालकी बहाल करण्यात आली. ज्याला काल कारभारी म्हणत, तो आज ‘मालगुजार’ झाला. जे जुन्या राजांनी कोणालाही दिले नव्हते, ते एका नोंदीने दिले गेले. गाव विकता येऊ लागले, गहाण ठेवता येऊ लागले, आणे-पैच्या हिश्श्यांनी भावाभावांत वाटताही येऊ लागले.

कसणाऱ्यांचे काय झाले? त्यांच्या पायऱ्या पाडण्यात आल्या. काही थोड्यांना आपल्या तुकड्याची मालकी मिळाली, त्यांना ‘मालिक मकबुजा’ म्हणत. काही मौरूसी कुळे ठरली आणि उरलेली साधी कुळे. मालगुजाराची स्वतःची जमीन ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ म्हणून वेगळी लिहिली गेली. बलुतेदारांना मात्र या मालकीच्या रकान्यांत स्थान नव्हते, कारण त्यांचा हक्क जमिनीवर नसून पिकावर होता, आणि पिकावरील हक्क नकाशात दाखविता येत नाही. घरासंबंधीची रीत तर अधिकच बोलकी होती. घराचे आढे, वासे, लाकूडफाटा हा राहणाऱ्याचा. खालची जागा मालगुजाराची. कुळाने गाव सोडले की जागा मालगुजाराकडे परत जाई.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की जमाबंदीच्या अंमलदारांनी गावरिवाजांची नोंद ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात करून ठेविली. गुरे कोठे चरावी, सरपण कोठून आणावे, तळ्याचे पाणी कोणी घ्यावे, या हक्कांना ‘निस्तार’ असे नाव होते. त्यामुळे रान मालगुजाराचे ठरले, तरी मोळी बांधून आणणाऱ्या बाईचा हक्क निदान कागदावर शिल्लक राहिला.

परंतु मालकीबरोबर जमिनीला किंमत आली, आणि किमतीबरोबर सावकार आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. जी जमीन पूर्वी कर्जाला तारण म्हणून फारशी कामाची नव्हती, तीवर आता कर्ज मिळू लागले. पुढे भाव उतरले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले, आणि अनेक गावे शहरातील सावकारांच्या नावे झाली. ज्यांनी त्या गावी कधी मुक्काम केला नसेल, ते त्या गावच्या तळ्याचे आणि वाटेचे धनी झाले. कुळांच्या रक्षणासाठी १८८३, १८९८ आणि १९२० साली कायदे करावे लागले, यावरूनच रोग किती खोल गेला होता हे दिसते.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असे नाही. पूर्व इंडोनेशियात फ्लोरेस नावाचे डोंगराळ बेट आहे. तेथील मांगराई लोकांची ‘लिंगको’ नावाची शेते कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळाकार असतात. मध्यबिंदूपासून परिघापर्यंत रेषा आखून प्रत्येक कुटुंबाला एकेक पाचर मिळते, आणि ही वाटणी ‘तुआ तेनो’ नावाचा प्रमुख करतो. तो वाटणी करतो म्हणून मालक ठरत नाही. आपल्या जुन्या पाटलाशी त्याचे साम्य येथे आहे. डच सरकारने १८७० मध्ये जावासाठी, आणि काही वर्षांनी इतर बेटांसाठीही, असा आदेश काढला की ज्या जमिनीवर कोणाची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची. इंग्रजांनी येथे गाव एकाला दिले. डचांनी तेथे जमीन स्वतःकडे घेतली. मार्ग भिन्न, परंतु दोन्हीकडे गावाचा सामाईक हक्क कागदातून निसटला. स्वतंत्र इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमिकायद्याने हा परंपरागत हक्क राष्ट्रहिताच्या मर्यादेत मान्य केला, आणि २०१३ साली तेथील घटना न्यायालयाने परंपरागत समाजाचे वन हे सरकारी वन नव्हे, असा निर्णय दिला. निसटलेली गोष्ट परत मिळविण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात, हा त्यातील धडा.

आपल्याकडे ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरच होती. अहेरीच्या जमीनदारांनी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली; १९५२ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला. मालगुजारांकडे घर, सीर आणि खुदकाश्त राहिली. रान, तळी, पडीत आणि गावठाण सरकारजमा झाले. वेठबिगार घेणारा आणि नजराणा मागणारा धनी गेला, ही लहान गोष्ट नव्हे. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच तिचे मोल कळले असेल.

मात्र गावाचे रान गावाकडे न येता सरकारकडे गेले, हेही लक्षात ठेवावे. मध्यप्रदेशाच्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत सर्व जमीन शासनाची असे म्हटले आहे. कसणारा हा ‘भूमिस्वामी’ आहे. निस्तार-पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना संहितेत स्थान आहे, आणि चराईसाठी काही जमीन राखून ठेवण्याची तरतूदही आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही राखीव मर्यादा दोन टक्क्यांपर्यंत खाली आणून सुटलेली जमीन दलित व आदिवासी भूमिहीनांना देण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. भूमिहीनाला जमीन मिळावी हे कोणाला अमान्य होईल? परंतु ज्याच्या दारी एकच गाय आहे, तिला चारण्यास रानच उरले नाही, तर त्या गरिबाचे काय? एका गरिबाचा वाटा दुसऱ्या गरिबाच्या चराईतून काढावा लागला, आणि मोठ्या शेतांच्या बांधांना फारसा धक्का लागला नाही, हे आपल्या न्यायबुद्धीला टोचले पाहिजे.

आता आणखी एक कागद तयार होत आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. आजवर शेताची नोंद असे, परंतु गावठाणातील घराची बहुधा नसे. आता ड्रोनने आकाशातून गावठाणाचे मोजमाप होते आणि घरमालकाला हक्काचा दाखला मिळतो. पहिल्या टप्प्यातील राज्यांत मध्यप्रदेश होता. ज्या जागेवर आजोबा मालगुजाराच्या परवानगीने राहिले, ती नातवाच्या नावे लागावी, ही आनंदाची गोष्ट आहे.

तरी इतिहास शिकविणारा शिक्षक या नात्याने मला एक धोका दिसतो. १८६० नंतरच्या जमाबंदीत ज्याचे नाव समोर होते, त्याचे लिहिले गेले. जो विचारला गेला नाही, तो वगळला गेला. आज घराचे नाव लिहिताना घरात चूल पेटविणाऱ्या बाईचे नाव कोणी विचारतो काय? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी ‘बहिणीने भावासाठी हक्क सोडला’ हे वाक्य आपल्या गावांत आजही कौतुकाने उच्चारले जाते. परगावी मजुरीला गेलेल्याच्या बंद घराचे काय? आणि दोन घरांमधील ती मोकळी जागा, जेथे सारी आळी धान्य वाळविते, ती कोणाच्या नावे लागणार?

जामसांवलीच्या यात्रेकरूला सांगण्यासारखी एक गोष्ट येथे आठवते. आपल्या कायद्यात देवाच्या मूर्तीला मालमत्ता धारण करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मध्यप्रदेशातीलच एका प्रकरणात असे म्हटले की देवस्थानाच्या जमिनीचा स्वामी देव होय, पुजारी नव्हे. पुजारी केवळ व्यवस्थापक. व्यवस्था पाहणारा तो मालक नव्हे, हे तत्त्व देवाच्या बाबतीत आपल्याला सहज पटते. १८६० नंतर गावाच्या बाबतीत नेमके हेच तत्त्व विसरले गेले होते.

म्हणून मोजणीची मंडळी गावात येतील त्या दिवशी ग्रामसभेला जावे, नकाशा पाहावा, आणि चराई, मसणवट, तळे, वाट यांच्या सीमा नीट विचाराव्या. आपल्या घराचे नाव वाचून झाले की शेजारच्या विधवेचेही नाव वाचून पाहावे. ते तेथे नसेल, तर ते सांगण्याची वेळ तीच होय. कागद एकदा पक्का झाला म्हणजे तो दुरुस्त करण्यास किती पिढ्या जातात, हे आपण पाहिलेच आहे.