बिघडलेल्या रंगाची शिकवण

आपल्या रंगारी समाजाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे कुळे, आडनावे, देवस्थाने व स्थलांतरे यांचीच माहिती बहुधा हाती लागते. परंतु ज्या विद्येवर आपल्या वाडवडिलांची चूल पेटत असे, ती रंगविद्या मात्र फारशी कोणी लिहून ठेविलेली नाही. ही उणीव आम्हांस अलीकडे एका लहानशा प्रयोगाने तीव्रतेने जाणवली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रयोग असा. सुती कापडाचे तीन सारखे तुकडे आम्ही स्वच्छ धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजविले, वाळविले व तुरटीच्या पाण्यातून काढले. मग एकाच वजनाची मंजिष्ठ घेऊन ते तीन दिवशी रंगविले. पहिल्या दिवशी कल्हईच्या पातेल्यात विहिरीचे पाणी घेतले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर जाणे झाले नाही, म्हणून साठविलेले पावसाचे पाणी वापरले. तिसऱ्या दिवशी पाणी विहिरीचेच होते. पण पातेले मोकळे नसल्यामुळे लोखंडी कढई चुलीवर चढविली. मुळी एक, तुरटी एक, हात एक. रंग मात्र तीन निघाले! पहिला उजळ तांबडा, दुसरा फिकट व निस्तेज, तिसरा काळपट तपकिरी. आम्ही प्रथम मंजिष्ठ विकणाऱ्यालाच दोष दिला. पुढे थोडे वाचन केले, तेव्हा दोष त्याचा नव्हे, आमच्या अज्ञानाचा होता हे कळून आले.

कढईचा उलगडा सोपा आहे. हिरड्यातील तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो. आमच्या हातून जे चुकून घडले, तेच आपले पूर्वज जाणूनबुजून घडवीत. गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबत ठेवून त्या पाण्याने ते हिरडा दिलेल्या कापडावर काळी नक्षी उठवीत. एकाचा डाग तो दुसऱ्याचा रंग, एवढाच काय तो भेद.

पाण्याचा उलगडा अधिक मनोरंजक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाउसमान नावाचा रंगतज्ज्ञ फ्रान्समधील रूआं शहर सोडून अल्सास प्रांतात लोगेलबाख येथे गेला. रूआं येथे त्याचा तांबडा रंग उत्तम उतरत असे. नव्या ठिकाणी त्याच कृतीने तो उतरेना. शोध करता नव्या ठिकाणच्या पाण्यात चुन्याचा अंश नाही, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने पाण्यात खडू मिसळला आणि रंग पूर्ववत उजळला. आमच्या पावसाच्या पाण्यातही चुना नव्हता, म्हणून आमचा दुसरा तुकडा निस्तेज राहिला. मछलीपट्टणच्या बाजूस शिंपल्यांच्या चुन्याने युक्त अशा जमिनीतील चायमुळीला मोठा मान होता. त्यामागील कारणही हेच होय.

यावरून आपले पूर्वज अज्ञानी होते, असे मात्र कोणी समजू नये. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला; तो मंजिष्ठेच्या वर्गातील मुळीने रंगविलेला होता. म्हणजे ही विद्या या भूमीत चार हजार वर्षांहून जुनी आहे. इ. स. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या फ्रेंच पाद्र्याने येथील रंगाऱ्यांकडून छिटांची कृती विचारून घेतली व ती सविस्तर लिहून मायदेशी धाडिली. हिरड्याबरोबर म्हशीचे दूध घालावे लागते, येथवर तपशील त्याने टिपला आहे. विद्या आपली, हात आपला. लेखणी मात्र परक्याची!

निळीच्या माठाची गोष्टही अशीच. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना, गूळ, टाकळ्याचे बी इत्यादी घालून माठ आंबविला म्हणजे ती विरघळते. कापड माठातून पिवळट हिरवे निघते व वारा लागताच निळे होते. आंबणे ऊबेवर अवलंबून असल्यामुळे माठ कधी साधे, कधी बिघडे. उत्तर हिंदुस्थानात अशा वेळी रंगारी एखादी विलक्षण अफवा उठवून देत. ती पसरली की माठ सुधारतो, असा समज होता. आज आपण त्यास हसतो. परंतु बिघाड का झाला याची टिपणे पिढ्यान्‌पिढ्या ठेवली असती, तर अफवेची गरज पडली नसती.

याचे फळ आपणांस भोगावे लागले. युरोपातील मंजिष्ठेच्या मुळीतील मुख्य रंग, अ‍ॅलिझरिन, ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केला. लवकरच तो स्वस्त होऊन बाजारात आला आणि आपल्याकडील आल मुळीची लागवड मावळत गेली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळही विक्रीस आली. १८९६ मध्ये फॉसेट या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील रंगकामावर पुस्तिका लिहिली, तेव्हा जुनी विद्या ओसरू लागली होती. धंदा गेला तो कारखान्यांमुळे, हे खरे; पण धंद्याबरोबर विद्याही गेली, ती न लिहिल्यामुळे. मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकत असे. तो शेजारी बसेनासा झाला आणि साखळी तुटली.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या घरात रंगकाम पाहिलेली वृद्ध मंडळी असतील, तर त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. नुसती यशस्वी कृती लिहून घेऊ नये. पाणी कोठले, भांडे कशाचे, ऋतू कोणता, आणि रंग बिघडला तेव्हा त्यांनी काय केले, हेही अवश्य विचारावे. आम्हांस तीन तुकड्यांपैकी एक साधला. पण शिकविले ते उरलेल्या दोहोंनी. अशा माहितीसाठी पुढील स्मरणिकेत चार पाने राखून ठेवावीत, अशी संपादक महाशयांस विनंती करून हा लेख पुरा करितो.